स्वच्छ छातीचा दाखला

परदेशी शिक्षणाच्या व्हिसाला नावं ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कागद फार मागतात, पैसा फार लागतो, पोराला गुरांच्या बाजारात उभं केल्यासारखं तपासतात, अशी कुरकुर हल्ली दर दुसऱ्या घरात ऐकू येते. या मंडळींच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. मराठी मध्यमवर्गानं मुंजी दोन तासांत आटोपल्या, लग्नं एका दुपारी उरकली, श्राद्धाला भटजी मोबाइलच्या पडद्यावर बोलावले. सगळे उपचार नेमलेल्या क्रमानं, नेमलेल्या तिथीला, एकही शंका न विचारता पार पाडायचं एकच कार्य आपल्याकडे उरलं आहे. ते म्हणजे स्टुडंट व्हिसाचा अर्ज. त्याचं कुणीतरी तोंड भरून कौतुक करायलाच हवं होतं.

पूर्वी परदेशगमनाचा दोष परत आल्यावर धुवायची पद्धत होती. 1888 साली कायदा शिकायला विलायतेला निघालेल्या गांधींना त्यांच्या जातीनं मुंबईत वाळीत टाकलं. 1891 साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर थोरल्या भावानं त्यांना आधी नाशिकला नेऊन नदीवर स्नान घडवलं आणि मग राजकोटला जातभाईंना जेवण घातलं. व्यवस्था ढिसाळच म्हणायची. माणूस तिकडे तीन वर्षं काय खातो, कुणाकडे पाणी पितो याला काही धरबंध नाही, आणि शेवटी गोदेत एक बुडी मारली की मोकळा. आता शुद्धी निघण्याआधीच करून घेतात. ती करून घेणारे शास्त्री लंडनला बसतात आणि दक्षिणा पौंडांत, आगाऊ घेतात.

या शुद्धीचा गाभा म्हणजे छातीचा एक्स-रे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर भारतासकट काही ठरावीक देशांतल्या अर्जदारानं क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र आणायचं, आणि तेही ब्रिटिश सरकारनं मान्यता दिलेल्या दवाखान्यातूनच. गल्लीतल्या डॉक्टरचं चालत नाही, सिव्हिल सर्जनचं चालत नाही, छातीच्या विकारांवर तीस वर्षं घालवलेल्या प्राध्यापकाचंही चालत नाही. म्हणून लातूरचा मुलगा रात्रीच्या गाडीनं मुंबईला येतो. जनरलच्या डब्यात शंभरेक माणसं आपापल्या परीनं खोकत असतात. सकाळी तो दवाखान्यात पासपोर्ट दाखवतो, गळ्यातला ताईत काढतो, श्वास रोखून धरतो. छाती क्लिअर निघते. संध्याकाळी लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी खोकल्याला तोंड देत तो परतीच्या गाडीकडे जातो. प्रमाणपत्र एक्स-रेच्या तारखेपासून सहा महिने चालतं. त्या सहा महिन्यांत त्याच्या फुप्फुसांनी काहीही केलं तरी कागद स्वच्छच राहतो, आणि सीमेवर विचारतात तो कागदाला.

नियम ज्यानं लिहिला त्याला क्षयाच्या जंतूचा स्वभाव आतून ठाऊक असला पाहिजे. लेकीच्या बाळंतपणासाठी मामी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर लंडनला गेली, तर तिच्या छातीत काय चाललं आहे हे कुणी विचारत नाही. भाचा एक वर्षाच्या कोर्सला निघाला की मात्र एक्स-रे. म्हणजे हा जंतू संसर्ग करण्याआधी व्हिसाची मुदत वाचतो, आणि सहा महिन्यांच्या आत परतायचं असेल तर आपलं तोंड बंद ठेवतो. ब्रिटिश पासपोर्टचा गृहस्थ पाच वर्षं गोवंडीत राहून मायदेशी परतला तरी त्याला काही लागत नाही. आपलाच मुलगा सहा महिने अमेरिकेत काढून तिथून परस्पर ब्रिटनला निघाला, तर तोही सुटला. जन्मापासूनची बावीस वर्षं इकडची हवा खाल्ली, ती अमेरिकेतल्या सहा महिन्यांनी धुऊन निघते. गोदावरीलाही हे इतक्या नेमकेपणानं कधी जमलं नसतं.

पूर्वी हा एक्स-रे हीथ्रो आणि गॅटविकच्या विमानतळांवर काढत. 2012 पासून तो बंद करून तपासणी अर्जदाराच्या देशातच करायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं. पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून तपासणं बरं दिसत नाही. त्याला त्याच्याच घरी, त्याच्याच खर्चानं तपासावं. या तपासणीतून कुणाला खरोखरच वेळेवर रोग सापडतो, औषधं सुरू होतात, जीव वाचतो. हे होतं, ते मी नाकारत नाही. पण तो या पद्धतीचा ओघानं होणारा फायदा आहे, त्यासाठी तिला दोष देऊ नये. बाकी शरीरात झोपून राहिलेला जंतू एक्स-रेत दिसत नाही. तो पुढे दोन वर्षांनी, लंडनच्या एखाद्या दमट खोलीत, अर्धपोटी आणि दोन शिफ्ट करून दमलेल्या शरीरात जागा होऊ शकतो. झोपलेल्याला उगाच उठवू नये, एवढा शिष्टाचार इंग्रजांनी पाळला आहे.

या बाबतीत आनंदीबाई जोशी फारच निष्काळजी निघाल्या. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, छातीचा कसलाही दाखला न घेता त्या अमेरिकेला गेल्या. क्षयाचा जंतू कॉखनं आदल्याच वर्षी शोधला होता, एक्स-रेचा शोध लागायला अजून बारा वर्षं होती, पण सबबी सांगणाऱ्याला कारणं भरपूर मिळतात. 1886 साली फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन त्या परतल्या त्या खंगलेल्या. तिकडची थंडी आणि आजार त्यांना पुरते बाधले होते. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण रुजू होणं घडलं नाही. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी नव्हती. यावरून कुणी म्हणेल की दाखला उलट्या दिशेनंही मागायला हवा होता. असले प्रश्न पोरकट असतात. जंतू पूर्वेकडून पश्चिमेकडेच प्रवास करतात हे गृहीत धरल्याशिवाय कुठलीच नियमावली नीट चालत नाही.

बहुतेकांची छाती पहिल्या फटक्यात क्लिअर निघते. खरी मजा ज्यांच्या फिल्मवर एखादा डाग येतो त्यांची. लहानपणच्या कुठल्या तापाचा व्रण असेल, जुनं काही भरून आलेलं असेल. मुलगा ठणठणीत, रोज सकाळी पळायला जाणारा. मग थुंकीचे नमुने. ते प्रयोगशाळेत ठेवायचे आणि त्यात काही उगवतं का याची वाट पाहायची. निकालाला आठ आठवडेही लागू शकतात. म्हणजे मुलगा निरोगी आहे हे ठरवण्यासाठी जंतूंना वाढायला दोन महिन्यांची पुरेपूर संधी द्यायची, आणि ती त्यांनी घेतली नाही की मुलगा पास. वैद्यकशास्त्राला दुसरा भरवशाचा उपाय नाही, हे खरं. पण विद्यापीठाची नावनोंदणीची शेवटची तारीख जंतूंसाठी थांबत नाही. सप्टेंबर इनटेक हुकतो, काउन्सेलर जानेवारी इनटेकचं सांगतो, आणि जानेवारीत तो कोर्सच नसतो. घरचे शेजाऱ्यांना सांगतात की त्याचं मन बदललं, सध्या इथेच जॉब बघतोय. डागाचं नाव कुणी काढत नाही, कारण धाकटीचं लग्न व्हायचं असतं.

आता पैशाकडे वळू, कारण छाती ही शेवटी सहायक कागदपत्रांत मोडते. ब्रिटनला जाणाऱ्यानं फी सोडून नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च खात्यात दाखवायचा असतो. लंडनसाठी हा आकडा 2025 च्या जानेवारीत महिना 1,483 पौंड केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 1,529. नऊ महिन्यांचे झाले 13,761 पौंड, आपल्या हिशेबात पंधरा लाखांच्या वर. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात असली पाहिजे, आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांत पडला पाहिजे. मधल्या काळात एका दिवसासाठी शिल्लक खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पैसा मुलाच्या नाहीतर आईबापाच्या नावावर हवा. ज्या काकाकडे खरोखर पैसा आहे त्याचा उपयोग नाही, आणि ज्या बापाचा उपयोग आहे त्याच्याकडे पैसा नाही, ही अडचण नियम करणाऱ्यांना माहीत नसेल असं समजू नये. त्यांना भाऊबंदकीच्या पलीकडे जाऊन एकत्र कुटुंब पुन्हा उभं करायचं आहे.

आणि ते उभं राहतं. वाटणीवरून दहा वर्षं न बोलणारा चुलता मुदत ठेव मोडतो. मावशी पाटल्या गहाण ठेवते. सोसायटीचं कर्ज निघतं, साडूकडून चार लाख येतात, आणि हे सगळं सांगलीतल्या एका मास्तरांच्या पगाराच्या खात्यात येऊन बसतं. मग लोणचं मुरायला ठेवावं तसं ते 28 दिवस ठेवायचं. या धंद्यात त्याला फंड मॅच्युअर होणं म्हणतात. मास्तर त्या दिवसांत एटीएमच्या आसपासही फिरकत नाहीत, बँकेनं एसएमएसचं शुल्क कापलं तर काय होईल या विचारानं त्यांना झोप लागत नाही. किराणा उधारीवर येतो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच श्रीमंत झालेल्या माणसाला दुधाचं बिल थकवावं लागतं, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या योजनेनं घडवलं असतं? एकोणतिसाव्या दिवशी स्टेटमेंट निघतं, त्यावर बँकेचा शिक्का बसतो, आणि सोपस्कार संपल्यावर रक्कम जशी आली तशी आपापल्या घरी परतते. ज्यांच्या घरी नातेवाईकच नाहीत त्यांच्यासाठी महिन्याच्या व्याजावर फंड लावून देणारेही आहेत. त्यांच्याकडे माणुसकी थोडी कमी आणि हिशेब चोख असतो.

चिनी विद्यार्थ्याला हा थाट नशिबी नाही. 2018 साली ब्रिटननं ज्यांच्याकडून कमी कागद मागायचे अशा देशांच्या यादीत चीनला घेतलं आणि भारताला वगळलं. आपल्याकडे तेव्हा बरीच ओरड झाली. मला तो बहुमान वाटला. ज्याच्या कागदात काही पाहण्यासारखं असतं, त्याचेच कागद पुन्हा पुन्हा पाहतात.

छाती स्वच्छ निघाली, पैसा मुरला, की मुलगा निरोगी आणि सुखवस्तू ठरतो. लगेच त्याच्याकडून आजारपणाचे पैसे घेतात. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज नावाची ही दक्षिणा 2015 साली सुरू झाली तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला 150 पौंड होती. 2024 पासून ती 776 आहे. एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा पुढच्या चार महिन्यांसकट मिळतो आणि वरच्या महिन्यांचं अर्धं वर्ष धरतात, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पौंड. हप्ते नाहीत, अर्जाबरोबरच सगळे. व्हिसाची फी निराळी, ती 2025 च्या एप्रिलमध्ये 524 झाली. आधी तुला काही झालेलं नाही हे सिद्ध कर आणि मग तुला काही होईल त्याचे पैसे भर. इतकं पूर्ण न्यायशास्त्र आमच्या नवद्वीपच्या नैयायिकांनाही सुचलं नव्हतं. एवढं भरून इंग्लंडात औषध घ्यायला गेलं की प्रत्येक औषधामागे 9 पौंड 90 पेन्स निराळे. दात आणि चष्मा शरीरात धरत नाहीत. मुलगा ज्या सरकारी इस्पितळात ताटकळत बसतो तिथे त्याला तपासणारा डॉक्टर किंवा सलाइन लावणारी नर्स पुष्कळदा आपल्याकडची निघते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेत ब्रिटिश नसलेल्या कर्मचाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची आहे. त्यांतले बरेचसे एक्स-रे काढूनच गेलेले. स्वच्छ छातीची माणसं तिकडे जमवून तिकडच्यांच्या छाती तपासायला लावायच्या, यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

या सगळ्यातून माणसाचं एक नवीन शारीरशास्त्र तयार झालं आहे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणजे इंग्रजी दोन वर्षांत आटतं. छाती सहा महिन्यांत मळते. श्रीमंती 31 दिवसांत विरते. पदवी तेवढी कायमची, पण तिच्याविषयी फारशी चौकशी कुणी करत नाही.

एकदा मुलाखत होते. हे विद्यापीठ का निवडलं, हाच कोर्स भारतात का नाही, परत येऊन काय करणार. काउन्सेलरनं घोटवून घेतलेली उत्तरं मुलगा कॅमेऱ्यासमोर म्हणतो. कोल्हापूरच्या आणि अमरावतीच्या मुलांना एकाच लहानशा इंग्लिश गावाची, तिथल्या ग्रंथालयाची आणि संशोधनाच्या परंपरेची एकाच शब्दांत ओढ लागलेली असते. खरं उत्तर, की तुमच्याच सरकारनं कोर्सनंतर काम करायला ग्रॅज्युएट रूट नावाची खिडकी 2021 साली उघडली आणि आम्ही तिच्याकडे बघून निघालो, हे म्हणायचं नसतं. ती खिडकी दोन वर्षांची होती, 2027 च्या जानेवारीपासूनच्या अर्जांना दीड वर्षाची होते आहे. जाहिरातीत ती मोठ्या अक्षरांत असते, मुलाखतीत तिचं नाव काढायचं नाही. नव्या सुनेला सगळं माहीत असावं आणि तिनं काही विचारू नये, ही आपल्या घरातली रीत इंग्रजांना कुणी शिकवली कोण जाणे.

इतर देशांनीही आपापल्या परीनं हातभार लावला आहे. जर्मनीला छाती नको, त्यांना वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात हवेत. तिकडे गेल्यावर महिन्याला 992 असे तुमचेच पैसे तुम्हाला वाढून मिळतात. अमेरिकेचा कायदा अर्जदार तिथेच राहायला निघाला आहे असं मुळातच धरून चालतो, आणि तसं नाही हे त्यानं मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत काचेपलीकडल्या माणसाला दोन-तीन मिनिटांत पटवायचं. तिथल्या व्हिसाला एक्स-रे लागत नाही. ते काम विद्यापीठं करतात. पुष्कळ ठिकाणी हाताला सुई टोचून क्षयाची चाचणी घेतात. आपल्या पोरांना जन्मल्याबरोबर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे कधी कधी हात सुजतो आणि क्षय होऊ नये म्हणून घेतलेल्या लशीवरूनच क्षयाचा संशय येतो. मग रक्ताची महागडी तपासणी. जाता जाता सांगतो, अमेरिकी वकिलात 2011 साली बीकेसीला गेली, आणि ब्रीच कँडीचं तिचं जुनं लिंकन हाउस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सायरस पूनावालांनी 2015 साली 750 कोटींना घ्यायचा करार केला. जगाला लशी पुरवणारा माणूस, पण सरकारी मंजुरीत व्यवहार अडकून पडला. अमेरिकेच्या दारात आत जायला पैसा आणि लस दोन्ही असून भागत नाही, हे विद्यार्थ्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि अर्ज गोळा करून बोटांचे ठसे घेण्याचा जो धंदा आज जगभर चालतो, तो करणारी व्हीएफएस 2001 साली मुंबईतच सुरू झाली. रांगेत बरी खुर्ची आणि कॉफी हवी असेल तर जादा पैसे भरायची सोय असते. मराठी माणूस धंद्यात मागे आहे म्हणणाऱ्यांनी निदान गिऱ्हाईक म्हणून तरी आपला वाटा मान्य करावा.

या पद्धतीचं सर्वांत मोठं ऋण मात्र सांगायचं राहिलंच. आपल्याकडे निरोगी माणसाच्या छातीचा फोटो घरानं हौसेनं काढून आणण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग आहे. जगातले साधारण चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. 2025 पर्यंत देश क्षयमुक्त करायचं सरकारनं 2018 साली जाहीर केलं होतं. 2025 आलं आणि गेलं. त्या काळात घरातल्या मुलाचा एक्स-रे मुंबईला जाऊन, चांगले पैसे मोजून निघाला. त्याची आई दोन वर्षं पहाटे उठून खोकते आहे. तिचा खोकला धुळीचा असतो, फोडणीचा असतो, हवा बदलल्याचा असतो. तिला कुठल्याही देशात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नसल्यामुळे तिच्या छातीत कुणालाच रस नाही, तिला स्वतःलाही नाही. मुलाचं क्लिअरचं प्रमाणपत्र तिनं पेढ्यांच्या पुड्यासकट देवापुढे ठेवलं आणि उदबत्ती लावली. उदबत्तीच्या धुरानं तिला पुन्हा ढास लागली.

ज्यांच्या घरी यंदा अर्ज भरायचा आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहारी सूचना. एक्स-रे फार आधी काढून ठेवू नका, प्रमाणपत्राची मुदत अर्जाच्या आधीच संपते. आणि फारच उशिराही काढू नका, थुंकी तपासायची वेळ आली तर दोन महिने जातात. दुसरं म्हणजे, घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. औषधंही फुकट मिळतात, आणि तिथे पासपोर्ट लागत नाही.